बाबांची सूज आणि सरांच्या शेपट्या

ती. आईस,

पाया पडते. तुझी जागृती भिवंडीत सुखरूप हाय. वरच्या गाळ्यात लूम खडखडतात, पण झोप लागते. तुझा फोन लागत न्हाय म्हणून ही चिठ्ठी भरतच्या टेम्पोतून धाडतेय. पूर्वाकडून वाचून घे.

दवाखान्याच्या बिलांचं काम शिकवणारा आमचा सर म्हणजे टाय बांधलेला पोपट. आठवडाभर लॅटिनच्या शेपट्या घोकून घेतोय. 'डेंट' म्हणजे दात, त्याला 'अल' लावलं की डेंटल, म्हणजे दाताचं. आपण जन्मभर 'चा, ची, चं' लावतो, त्याचा कुणी क्लास काढला न्हाय. हा मात्र असा फुगतो, जणू लॅटिन याच्याच आजानं काढली.

आज म्हणाला, 'रेन' म्हणजे किडनी. 'अल' लावलं की रीनल.

आई, बाबांचे सुजलेले पाय बघून आपला डॉक्टर हेच बोलला होता. "रीनल प्रॉब्लेम आहे," म्हणाला, आणि साहेबापुढं हलवतो तशा आपण तिघांनी माना हलवल्या. मग सूज उतरावी म्हणून बाबांना अकलोलीच्या गरम कुंडात बसवत राहिलो. त्या शहाण्याची जीभ 'किडनी' म्हणायला झिजली असती का? ते तर आपल्या बारक्यालाही कळलं असतं.

बाबांना लघवी नीट होते का? जेवतात का? कुंड आजपासून बंद. घाबरू नको. सोमवारी मी येतेय, डॉक्टरपुढं मीच बसेन. तो सरळ मराठीत सांगेपर्यंत आपल्यातल्या कुणी मान हलवायची न्हाय.

तुझी,
जागृती