पाटोद्यातला लंडन फोर्स

३ डिसेंबर
अकरावीला इंटरमॉलिक्युलर फोर्सेस सुरू केले. रेणू जवळ आले की एकमेकांना ओढतात. शिकवता शिकवता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची दाराशी, बायोलॉजीच्या वर्षाराणी मॅडमची खिडकीशी. मधे एवढं मोठं टेबल. आकर्षण होणार कसं? चूक माझी न्हाई, अंतराची हाय.
संकल्प: उन्हाळ्याच्या आत मॅडमला लग्नाचं विचारायचं. उद्यापासून खुर्ची रोज वीतभर सरकवायची.

१० डिसेंबर
खुर्ची टेबलाच्या निम्म्यावर आली. तेवढ्यात मॅथ्सला नवे सर आले. माजलगावचे. शिपायानं त्यांची खुर्ची नेऊन ठेवली थेट मॅडमच्या शेजारी. मी आठवडाभर सरकतोय अन् हा गडी पहिल्याच दिवशी खिडकीशी! नाव म्हणे समाधान. आल्या आल्या माझं घालवलं.

१४ डिसेंबर
समाधाननं डब्यातली शेंगदाण्याची चटणी मॅडमला दिली. मॅडमनी दोनदा घेतली. माझ्या छातीत जळजळ. ॲसिडिटी असंल. असल्या माणसाचा कान धरून चांगला पिळला पाहिजे.
शांतपणे विचार केला. चटणी म्हणजे लंडन फोर्स. रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला कलतात, तेवढ्यापुरती ओढ लागते अन् जाते. लई वीक. माझं हायड्रोजन बाँडसारखं हाय, स्ट्राँग. फक्त मॅडमला सांगायचं राहिलंय.

२ जानेवारी
मोठी बातमी! मॅडम आज 'त्रिंबक सर' न म्हणता 'त्रिंबकदादा' म्हणाल्या. सर म्हणजे परका. दादा म्हणजे घरचा. शिवाय आम्ही भावंडं वडलांना दादा म्हणतो, ऐकून ऐकून आईपण त्यांना दादाच म्हणते. म्हणजे आमच्या घरात नवऱ्याला दादा म्हणायची पद्धतच हाय. हे मॅडमला कुणी सांगितलं असंल?
समाधान अजून 'सर'च हाय. बस म्हणावं.

१९ जानेवारी
आता तर मॅडम समाधानला सरपण म्हणत न्हाईत. "अहो, ऐकलं का," एवढंच म्हणाल्या. नावसुद्धा तोंडात घेत न्हाईत. काहून एवढा राग आला असंल? काहीतरी लई बिनसलंय. मला वाईट वाटलं. चहा दोन कप प्यालो.

११ फेब्रुवारी
माझी खुर्ची मॅडमच्या खुर्चीला टेकली. मॅडम उठल्या अन् समाधानच्या पलीकडं जाऊन बसल्या. पुस्तक उघडून बघितलं. रेणू फारच जवळ आले तर रिपल्शन होतं. हे मीच बोर्डावर लिहिलं होतं, बाणासकट. खुर्ची वीतभर मागं घेतली. थिअरी बरोबर हाय.

२ मार्च, सकाळ
आज विचारणारच. इस्त्रीचा शर्ट घातला.

२ मार्च, संध्याकाळ
विचारायची गरजच पडली न्हाई. मॅडम आपणहून म्हणाल्या, रविवारी आमच्या गावी, कड्याला घरी या, वडलांना तुमच्याशी बोलायचंय. आईला फोन केला. ती रडली. आनंदानं.

८ मार्च
कड्याला गेलतो. समाधान आधीच तिथं बसलेला, त्याच्या आईवडलांसकट. मला वाटलं, ह्यानं इथंपण खुर्ची सरकवली. पोहे आले. मग मॅडमचे वडील आप्पाराव माझा हात धरून म्हणाले, "सर, पोरीला भाऊ न्हाई. ती म्हणती, दादा हायेत ना. नवरदेवाचा कान पिळायला तुमी उभं ऱ्हावा."
हो म्हणालो. तोंडात पोहे होते, दुसरं काही बोलता आलं न्हाई.
आईला अजून सांगितलं न्हाई.

६ मे
लग्न लागलं. समाधानचा कान धरला. डिसेंबरपासून धरायचा होता, म्हणून लई जोरात पिळला. मांडव हसला. मॅडम हळूच म्हणाल्या, "दादा, बास."
कान धरला की नवरदेवानं भावाला विचारायचं असतं, काय पाहिजे. त्यानं विचारलं. बिचारा मनापासून विचारत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. माझ्यापण. मॅडम त्याच्या शेजारीच उभ्या होत्या.
म्हणालो, टॉवेल-टोपी.
मिळाली.