आत्याच्या प्लेटलेटचा आकार

७ जुलै २०२५, सोमवार
आजपासून शेषम्मा आत्याच्या रक्ताची जबाबदारी माझी. आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झाले, केमो संपली, आता दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचे. नर्स पापनाशमला घरी येऊन रक्त काढते, मी ट्यूब बसने तंजावूरच्या लॅबमध्ये पोचवतो. डॉक्टर रिपोर्टच्या वरच्या दोन ओळी बघतात. मी खालच्याही बघतो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षी सोडले, पण पहिले वर्ष पूर्ण आहे.
एम.पी.व्ही., म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार: ९.१. फोनवर एक संशोधन सापडले. प्लेटलेट मोठ्या, तर रोग्याचे पुढचे कठीण. संपूर्ण शोधनिबंधाला पैसे मागतात. सारांश पुरेसा आहे. दुसऱ्या संशोधनात बरोबर उलटे लिहिले आहे. ते बंद केले. दोन मते घेऊन ग्राफ काढता येत नाही.
संकल्प: ग्राफ. आत्याला पत्ता लागू न देणे. तिला शुगरही आहे, म्हणून रोज एक ग्लास कारल्याचा रस, मी समोर उभा राहून.

८ जुलै
रस दिला. आत्या म्हणाली, कॅन्सरने सोडले रे मला, तू कधी सोडणार?

२५ जुलै, शुक्रवार
पावणेदहाला रक्त काढले. तंजावूरला उतरलो तो राहुकाळ लागलेला, बारापर्यंत. मागच्या वेळी पंचांग न बघताच ट्यूब दिली होती. असा निष्काळजीपणा पुन्हा नाही. लॅबसमोर कॉफीच्या दुकानात बसलो. ट्यूब रुमालात, रुमाल शर्टाच्या खिशात.
बारा वाजून पाच मिनिटांनी काउंटरवर. फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ विचारतात. १२.०५ लिहिले. आत्याच्या नावापुढे चांगलीच वेळ असावी.
संध्याकाळी रिपोर्ट: १०.६.

२६ जुलै
जेवण गेले नाही. दोन इडल्या. नंतर दोन.

१३ ऑगस्ट, बुधवार
या वेळी कसूर नाही. नऊपर्यंत यमगंडम, तोही राहुकाळासारखाच अशुभ, म्हणून सव्वानऊला रक्त. तंजावूरला साडेदहा, तर गुळिकै सुरू. त्या वेळी केलेले काम पुन्हा करावे लागते. आजारात पुन्हा काहीच नको. बाराला गुळिकै संपले, लगेच राहुकाळ. चार कॉफ्या.
१.३५ ला ट्यूब दिली, फॉर्मवर १.३५. लॅबची अखिला अक्का मला धाकटा भाऊ समजते. म्हणाली, तंबी, तिकडे बसून तासन्‌तास आमच्याकडे बघतोस, कोणाला बघतोस ते तरी सांग. हसलो नाही. तिला काय कल्पना.
रिपोर्ट: ११.८. ग्राफची रेघ सरळ वर. माझ्याइतके हे कोणालाच माहीत नाही.

१४ ऑगस्ट
नवा संकल्प: आत्याचे उरलेले दिवस गोड करायचे. कारले बंद. तिरुवैयारूहून अर्धा किलो अशोका हलवा आणला. आत्या म्हणाली, काय विघ्नेशा, राहिलेली परीक्षा पास झालास की काय? मी हसलो आणि मागच्या दारी जाऊन रडलो. परत आलो तेव्हा पाव किलो उरला होता.

१७ ऑगस्ट
रोज हलवा. आज तिने स्वतःच विचारले, उद्या जास्त तूप घातलेला मिळेल का. शेवटची इच्छा. मिळेल.
चेन्नईला संगीताला फोन केला. आत्याची मुलगी, तिला कळायला हवे. रजा घेऊन ये म्हणालो. का, असे विचारत होती. म्हणालो, अक्का, फोनवर नको.

२० ऑगस्ट
संगीता अक्का आली, डोळे सुजलेले. आत्या म्हणाली, सगळे माझ्याकडे असे काय बघता, मी मेले की काय?

२१ ऑगस्ट, गुरुवार
डॉक्टरांकडे तिघे. स्कॅन स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, उत्तम.
मी ग्राफ पुढे ठेवला. म्हणालो, सर, यालाही उत्तर द्या. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, ट्यूब लॅबला किती वेळात पोचते? खरे सांगितले. राहुकाळ, गुळिकै, सगळे. म्हणाले, तंबी, रक्त गोठू नये म्हणून त्या ट्यूबमध्ये औषध असते, त्यात प्लेटलेट पडून पडून फुगतात. आजार वाढला नाही, तू थांबलास. आणि फक्त या एका आकड्यावरून आम्हीही कोणाचे भविष्य सांगत नाही.
संगीता अक्काने ग्राफची घडी करून माझ्या खिशात कोंबली.
मग आत्याच्या बोटाला सुई टोचून शुगर बघितली. ३१२. हिला खायला काय देता, असे डॉक्टरांनी विचारले. आत्याने माझ्याकडे बोट दाखवले, तेच, कापूस लावलेले.
आता इन्सुलिन.
परत येताना आत्या म्हणाली, रडवेले तोंड करून रोज हलवा आणायचास. मला वाटले, नोकरी नाही म्हणून रडतो पोर. त्यात नको म्हणून तुझे मन कशाला मोडू?

२२ ऑगस्ट
ग्राफ फाडला नाही. मागची बाजू कोरी आहे, शुगरसाठी चालेल. फोनवर वाचले की ट्यूब ठेवून दिली तर त्यातली शुगर आपोआप उतरते. म्हणजे पंचांगाचा उपयोग आहेच. संगीता अक्काला सांगितले.
तिने ट्यूबचे काम माझ्याकडून काढून घेतले. मला कारली किसायला बसवले. दोन ग्लास रस निघाला. एक आत्याने घेतला. दुसरा आत्यानेच मला दिला आणि संपेपर्यंत समोर उभी राहिली.