ओटीतला नारळ

माय, काल माझ्या ओसरीवर एका बाईनं नारळाचं ताट आणून ठेवलं आणि मला परसात जाऊन ओकावं लागलं. पन्नाशी उलटली, नातवंडं झाली, तरी ते सुटलेलं नाही.

तू धुळ्याला कापसाच्या जिनात सरकी काढायच्या रेचणीवर उभी राहायचीस आणि मी बाहेर बसून कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस वेचायचे. मला चौदावं लागलं होतं. मुकादमानं सरकीच्या कोठीत पोती मोजायला पाठवलं आणि मागून येऊन कडी लावली. पुढचं मी तुला त्याच संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. पुन्हा लिहायला हात धजत नाही. तव्यावर भाकरी करपते आहे आणि तू माझ्या केसांत अडकलेला कापूस काढते आहेस, एवढंच दिसतं. मग म्हणालीस, "व्हयनं ते व्हयनं. कोनले सांगू नको, पोरी." मी फौजदाराचं नाव काढलं तर म्हणालीस, "मंग तुले कोन करी?"

दोन-चार दिवसांनी मुकादमाची बायको आली. मला पाटावर बसवून तिनं माझी ओटी भरली, खण, गहू आणि वर नारळ. ओटी भरतात ती लग्न झालेल्या बाईची. माझं तर ठरलंही नव्हतं. तिनं मान वर केली नाही. तू तिला गूळपाणी दिलंस. ती गेल्यावर तोच नारळ फोडलास, खोबरं किसून गुळात कालवलंस आणि आम्हा भावंडांच्या हातावर ठेवलंस. "मोठा घरना मान शे, खाय." मी खाल्लं, माय. ती किळसवाणी गोडी अजून जिभेवरून उतरत नाही. तेवढ्यावर सगळं मिटलं. मुकादम दुसऱ्या दिवशी तसाच छडी फिरवत उभा, आणि कोठीत पोती मोजायला दुसरी पोर.

जळगावला सासरी आल्यावर मी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. आता गल्लीत बारसं असो की भांडण, "अक्कांना बोलवा" म्हणतात. म्हणूनच काल किराणा दुकानदाराची बायको माझ्याकडे आली. समोरच्या घरातली कोवळी पोर त्यांच्याकडे तूर निवडायला जाते. तिनं दुकानदाराबद्दल आईला सगळं सांगितलं होतं, आणि आईनं रडत मला. बायको म्हणाली, "अक्का, तुमच्या हातानं पोरीची ओटी भरा. तिच्या घरचे तुमचा शब्द मोडणार नाहीत." ताटात खण, गहू, नारळ. इतक्या वर्षांत यांना दुसरं काही सुचलं नाही.

तोंड धुऊन मी तो नारळ उचलला आणि भर गर्दीत दुकानदाराच्या तराजूत नेऊन ठेवला. म्हटलं, "शेटजी, हा कशाबद्दल, ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

तो हसला. "अक्कांचं वय झालं. गुळाचा खडा द्या रे त्यांना." गिऱ्हाइकंही हसली आणि आपापल्या पुड्या बांधून घेत राहिली. त्याची शिसारी होतीच. त्या हसणाऱ्यांची जास्त आली.

परत आले तर पोरीची आई माझ्यावरच उखडली. "घेतला असता तर झाकलं असतं, अक्का. आता हिला कोण करून घेणार?" तुझंच बोलणं, तुझाच सूर. चौकीत माझ्या सांगण्याला कोण विचारतो. तिथं पोरीनंच बोलणं भाग होतं. मी तिच्याजवळ बसले, तिच्या केसांतून हात फिरवला, आणि जे तुझ्यानंतर कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मग तुमच्या मायनं काय केलं?"

मी म्हटलं, "नारळ परत नेऊन दिला. आणि माझा हात धरून चौकीवर गेली."

पोर उठली, परकर झटकला. "चला," म्हणाली. तिची आई दाराशीच घुटमळली, आणि आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून धावत आली. फौजदारानं खूप आढेवेढे घेतले, पण लिहून घेतलं.

हे कुठं पाठवू? तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. चुलीत घालेन. माझा राग गेलेला नाही, माय. पण आज नळावर त्या पोरीची आई बायकांना सांगत होती, अक्कांची माय मोठी धीराची होती म्हणून. मी घागर भरत होते. ऐकत राहिले, आणि मला बरं वाटलं.