रंग अकराव्या पायरीला

१ सप्टेंबर, रविवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी एकदा नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं तर अडखळायला नको.

दुकानांच्या पाट्या, दोनशे चौदा. तीन अँब्युलन्सवरची उलटी अक्षरं. आरशात एकही चुकत नाही. उतरतं टेबल, उतार अठरा अंश. रंगांची पेटी, छत्तीस कप्पे. खारीच्या केसांचे दोन ब्रश. स्वयंपाकघरातलं फडताळ. (बायको म्हणते डावीकडे कललंय. भिंत कललीय.)

शिकलो कोणाकडे? कोणाकडेच नाही.

संगणकावर छापलेले बोर्ड आले तेव्हा लोकांना वाटलं मी दुकान बंद केलं. बंद नाही. शटर खाली आहे, इतकंच.

उद्यापासून शाळेत. तिथल्या चित्रकलेच्या बाईंचा पाय मोडलाय, पाच आठवडे रजा. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, पाच ऑक्टोबरचं मुलांचं प्रदर्शन पार पाडा, मग पुढचं बघू. म्हणजे नोकरी कायम. बायको म्हणाली, अहो, 'बघू' म्हणाल्या ना त्या? हिला वाक्याच्या पोटातलं कळत नाही. वर्षभर एकटीच्या पगारावर घर ओढतेय, म्हणून धास्तावते.

२ सप्टेंबर, सोमवार

पाचवीचा वर्ग. एकेचाळीस मुलं. माझी बारा पायऱ्यांची पद्धत फळ्यावर लिहिली. पहिली आडवी रेघ, दुसरी उभी, तिसरी तिरकी, चौथी वर्तुळ. रंग अकराव्या पायरीला. बारावी सही. मी स्वतः सही करायला एकोणीस वर्षं घेतली.

नियम पहिला: सगळ्यांचे खोडरबर डब्यात जमा. जवळ खोडरबर असला की माणूस बेफिकीर चुकतो. वर्गात खोडरबर एकच, माझा. एकेचाळीस मुलांकडून त्रेचाळीस निघाले. एक अर्धा खाल्लेला.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, ही रेघ कुठे चाललीय? म्हटलं, उजवीकडे. म्हणाली, तिकडे काय आहे?

हिच्यावर लक्ष ठेवायला हवं. शिवाय डावखुरी. नाव लक्षात राहीना, म्हणून मनात 'डावरी' ठेवलं.

११ सप्टेंबर, बुधवार

अजून आडवी रेघ. घाई नाही. पाया पक्का हवा.

हेडमास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, किती शांत आहेत हो मुलं. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, मी कौतुक करत नव्हते.

मग विचारलं, रंग कधी? म्हटलं, अकरावी पायरी. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मीही बघितलं. चौकटी छान सरळ होत्या त्यातल्या.

रात्री झोप नाही. उठून फडताळाला लेव्हल लावली. भिंतच.

१७ सप्टेंबर, मंगळवार

संकल्प: मुलांच्या कागदाला आपण हात लावायचा नाही.

११.२० हात मागे बांधून फेऱ्या. एकूण बावीस.

११.३५ एका मुलाची रेघ दुरुस्त केली. फक्त टोक.

११.५० बाकीच्यांवर अन्याय नको, म्हणून सगळ्यांचीच टोकं.

आडवी रेघ उत्तीर्ण: नऊ जण. त्यातले पाच माझ्या टोकांमुळे. तेही यशच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डावरीने उभ्या रेघांच्या कागदावर माझं चित्र काढलं. मी मधोमध, हातात उशीएवढा खोडरबर. मागे वर्गातली मुलं, पण नुसते पाय. वरचा भाग खोडलेला. कागद बाकाबाकांवरून फिरला. वर्ग खिदळला. मी चिडलो नाही. प्रमाण चुकलंय, एवढंच सांगितलं. खोडरबर चार सेंटिमीटरचा असतो. मोजून दाखवला.

ती म्हणाली, खालून बघा ना सर, बाकावरून. तेवढाच दिसतो.

चित्र वाया जाऊ नये, म्हणून मी तिथल्या तिथे चार सेंटिमीटरचा करून दिला. पायांना धडंही जोडली. ती बघत राहिली. कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि तास संपेपर्यंत उभ्या रेघा काढत बसली.

चला, तिलाही शिस्त लागली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

डावरी प्रश्न विचारत नाही. वर्ग सुतासारखा सरळ. तरी मला तासभर बसवत नाही. खुर्चीचा एक पाय आखूड असावा.

२९ सप्टेंबर, रविवार

प्रदर्शनाला सहा दिवस. मुलं तिसऱ्या पायरीवर. नुसत्या रेघांचं प्रदर्शन मला चाललं असतं, पण पालकांना दृष्टी नसते.

एकेचाळीस कागद घरी आणलेत. प्रत्येकावर मुलाची मूळ रेघ आहेच. त्यावर आपण जरासा हात फिरवायचा.

दुपारपर्यंत अकरा झाले. होडी, डोंगर, झाड, पूल. मुलांचं वाटावं म्हणून मुद्दाम वाकडं काढून बघितलं. हात वाकडा जाईना. काय करणार!

बायको चहा ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, अहो, परीक्षा नक्की कोणाची आहे?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

एकेचाळीसही पूर्ण. बायकोने ओळीने सगळी बघितली. छान आहेत म्हणाली. मग म्हणाली, एकाच मुलाने काढल्यासारखी वाटतात.

म्हणजे वर्गाला शैली आली.

उद्या नोकरीचं बोलणं होणार. इस्त्री करून घेतली.

५ ऑक्टोबर, शनिवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

१०.०० पालक आले. एक गृहस्थ झाडाच्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले, मस्तच, पण खाली फोन नंबर टाकायचा राहिला की हो. लोक हसले. मीही हसलो. जरा उशिरा.

१०.२० एका आईने मुलाला विचारलं, तुझं कुठलंय रे? त्याला सापडेना. मग कोणालाच सापडेना. नावं मागच्या बाजूला होती. मुलं भिंतीला नाक लावून आपापली रेघ शोधू लागली. एक ओरडला, सापडली, होडीच्या बुडाशी आहे! त्याच्या आईने हेडमास्तरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. मी छताकडे.

१०.४० चित्रकलेच्या बाई कुबडी घेऊन आल्या. भिंतीकडे एकदाच बघितलं. शिपायाकडून खाकी कागदाचं भेंडोळं जमिनीवर पसरून घेतलं, ताटल्यांत रंग ओतले, म्हणाल्या, या रे. पोरं तुटून पडली. गुडघे, कोपर, आयांच्या ओढण्या, काही शिल्लक नाही. एकाच्या हत्तीला पाचवा पाय फुटत होता, म्हणून मी वाकलो. मध्ये कुबडी आली.

डावरी भिंतीपाशीच उभी होती. मी जवळून जाताना तिने हळूच विचारलं, सर, अकरावी पायरी आली का?

मी म्हटलं, अजून नाही. सवयीने तोंडातून गेलं.

बाईंनी तिच्या डाव्या हातात ब्रश दिला. ती खाली बसली. माझ्याकडे बघितलं, आणि निळ्या रंगाने एक आडवी रेघ काढली. ब्रश ठेवून दिला.

रेघ सरळ होती. वर्गातली सगळ्यात सरळ. टोकसुद्धा.

मला अभिमान वाटायला हवा होता. घरी येऊन जेवलो नाही. पोटाचं काहीतरी असेल.

७ ऑक्टोबर, सोमवार

हेडमास्तरीणबाईंनी बोलावलं. चित्रकलेच्या बाईही होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तरं तयार होती. पण चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, हात फार स्थिर आहे तुमचा. शिकवू नका. मुलांच्यात खाली बसा, आपल्या कागदावर आपलं चित्र काढा. कोणी विचारलं तरच सांगा. मग म्हणाल्या, त्या मुलीच्या शेजारी आधी बसा. तुम्ही थांबवलंय, तुम्हीच चालू करून द्या.

मी स्पष्ट सांगितलं, मी आयुष्यात कोणाच्या हाताखाली बसलेलो नाही. बाई म्हणाल्या, हाताखाली नाही हो, शेजारी.

नमस्कार करून निघालो. फाटकापर्यंत सावकाश चाललो, म्हणजे हाक मारायची तर मारता यावी.

बायकोने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, बघू म्हणाल्या. ती आत गेली.

नोंद अचूक असावी, म्हणून लिहितो. नाकारलेलं काम: पाचवीच्या वर्गात जमिनीवर बसून चित्र काढणे, आठवड्यातून तीन दिवस, कायम. महिना अकरा हजार.