तिसरा घास

३ मार्च
पोहोचले एकदाची! खोली माझ्या भाड्याच्या खुराड्याच्या दुप्पट आहे. टेबलाला चार खण, खिडकीबाहेर गवताचं मैदान, त्यापलीकडे जंगल. उंबरठ्याशी एक फळी पाय पडला की किंचित दबते आणि टक् करते, बाकी घर ठणठणीत. सरांच्या पत्नी स्वतः बॅग घ्यायला पुढे आल्या. सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणणार.

सरांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोंदवह्या लावून ग्रंथ तयार करायचा, हे माझं काम. भीतीने प्राणी कसे खंगतात यावरचा त्यांचा निबंध जगभर शिकवतात. शिकारी यायलाच हवा असं नाही, चाहूल पुरते. भोवती गवत असून हरीण उपाशी मरतं.

काकूंना ठाऊक नाही, की याच सरांनी माझा प्रबंध दोन ओळींत निकालात काढला होता. आठ वर्षं तो राग जपलाय मी. वह्यांत एक ढळढळीत चूक सापडू दे, म्हाताऱ्याचा पुतळा पाडलाच समजा.

६ मार्च
काकूंच्या हाताला चव आहे, पण त्या सोबत जेवत नाहीत. ताट खोलीत ठेवतात आणि निघून जातात.

नमुने अकरा, सगळी एकाच लहान जातीची हरणं, प्रत्येकाची वेगळी वही. अक्षर मोत्यासारखं. रोजचं वजन, किती खाल्लं, खाताना मान किती वेळा वर केली. कंटाळा येईल इतकं चोख. सरांच्या जुन्या सहायकांना भेटावं म्हटलं, तर काकू म्हणाल्या, की एकजात कृतघ्न, परत कुणी तोंड दाखवलं नाही.

जेवताना भिंतीपलीकडे काठी आपटल्याचा आवाज आला. मी मान वर केली. काही नव्हतं.

११ मार्च
काठी रोज वाजते, नेमकी तिसऱ्या घासाला. काकूंना विचारलं, तर हसून म्हणाल्या, की सर असेच काठी टेकत यायचे, जुन्या घराला सवयी लागतात. सवयी म्हणे! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी दुसऱ्या घासानंतर हात आपोआप थांबतो. स्वतःचाच संताप येतो.

१५ मार्च
सापडली! पहिला नमुना बासष्ट किलो, पाचवा एकाहत्तर. या जातीचं हरीण पंचवीसच्या वर जातच नाही. म्हणजे ज्या निबंधावर अर्धं शास्त्र उभं आहे, त्यात निव्वळ थापा. आनंदाने नाचावंसं वाटलं. जेवण मात्र तसंच परत गेलं.

१८ मार्च
पाचव्याच्या वहीत एक ओळ: ‘आवाजानंतर चष्मा दोनदा पुसला.’

हरीण चष्मा पुसत नाही.

आकडे खोटे नाहीत.

१९ मार्च
फळी उचकटली. खाली वजनकाटा. तार भिंतीतून पलीकडे गेलेली.

ताट आणताना काकूंनी ते पाहिलं. पायानेच फळी परत बसवली. ताटाशेजारी चिठ्ठी होती: अंग फार उतरलंय, खात जा. अक्षर मोत्यासारखं. वह्यांतलं.

सरांनी एकही नोंद केली नव्हती. नाव तेवढं त्यांचं — बाकी सगळं, पहिल्यापासून —

२१ मार्च
बारावी वही. वरच्याच खणात आणून ठेवलेली. लपवायचीही गरज वाटली नाही त्यांना.

अठ्ठावन्न. सत्तावन्न. चोपन्न. एकावन्न.

शेवटची नोंद कालची: ‘दार उघडं ठेवलं. गेली नाही.’

बाकीच्या अकरा काढून पाहिल्या. शेवटी हेच. दार उघडं ठेवलं, गेला नाही. पुढची पानं कोरी.

२२ मार्च
दार उघडं आहे. भर दुपार. मैदान दिसतंय, फाटक दिसतंय, रस्ता —

काकू बागेत. मांडीवर वही. खुर्चीला काठी टेकलेली. म्हातारी बाई ती, मला धरणार कशी?

मला सगळं कळतंय. पद्धत कळते, कारण कळतं. वर्गात हेच शिकवत आले.

दोनदा उंबरठ्यापर्यंत गेले. टक् झालं — परत आले.

आता नाही. आता धावायचं. ही रोजनिशी इथेच सोडून — काकूंनी मान वर केली. हात काठीकडे —

तीन म्हटलं की निघायचं. एक. दोन —