बटणाची कॉफी

पुणतांबा, ता. राहाता
१२ जून २०२५

ती. स्व. आक्कास,
आसारामचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि पत्र लिहावं तर तू शाळेतल्यासारखी लाल पेनाने चुका काढून परत पाठवशील ही भीती. तरी लिहितो, कारण बातमीच तशी आहे. आपली ज्ञानू येतेय. नागपंचमीला. लग्नानंतर चार वर्षांत पहिल्यांदा.

फोन तिने आईलाच केला, छबूला. मी बागेत पेरूला पाणी देत होतो. ती बांधावरून धावत आली आणि नुसती रडायलाच लागली. मला वाटलं कोणीतरी गेलं. मग कळलं की पोर येतेय, म्हणून हे रडणं. जेम्सराव नंतर येतील, आधी ती एकटीच येणार आहे. त्यांच्याविषयी आता माझं काही म्हणणं राहिलेलं नाही. नगरचा सरळ मुलगा, शिक्षकांच्या घरातला, तू त्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. पण तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही. कोर्टात लग्न झालं, मी गेलो नाही, आणि त्याआधी घरात जे बोललो ते बोललो. तोंड आहे, सुटलं. आता तिने उंबरा ओलांडावा आणि पुन्हा पुन्हा ओलांडत राहावा, एवढंच माझं मागणं आहे.

तर काम असं. ती पुण्यात कॉफीच्या दुकानात मशीनवर असते, हे तुला माहीत आहेच. छबू म्हणते की तिने चहा सोडलाय. आपल्याकडचा चहा म्हणजे साखरेचा पाक, तो ती पिणार नाही. म्हणून घरी तसलंच मशीन आणायचं मी ठरवलंय. तू सावेडीतल्या मोठ्या दुकानात जाऊन बघून ये. कॉफीच्या बिया त्यातच दळल्या जाव्यात आणि दुधाला दुकानासारखा फेस यावा. आपल्या विहिरीचं पाणी क्षाराचं, ते त्याला सोसेल का विचार. छबू म्हणते, की लई आवाज करत आसंल तर गाय पान्हा चोरील, तेबी इचारा.

गुडघ्याला जप. पायऱ्या चढताना कठडा धरत जा. आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
आसाराम


सावेडी, नगर
१९ जून २०२५

चि. आसाराम यास अनेक आशीर्वाद.

चुका आहेत, पण मी आनंदात होते म्हणून या वेळी सूट दिली. बापाने लेकीला ‘चुकलो’ म्हणायचं सोडून मशीन आणायचं, हे तुझ्याच डोक्यात येऊ शकतं. पण आण. न बोलण्यापेक्षा तेही बरं.

काल रिक्षा करून दुकानात गेले. तिथल्या मुलीने मला खुर्ची दिली आणि कागदावर लिहून लिहून सगळं समजावलं. तिचं अक्षर सुरेख आहे. एका मशीनला वरती बिया टाकायचं भांडं आणि पोटात ग्राइंडर. दळलेली पूड एका हँडलच्या वाटीत पडते. ती दाबून बसवायची, हँडल पिळून मशीनला लावायचं, की खाली काळी घट्ट कॉफी उतरते. बाजूला वाफेची नळी आहे. थंड दुधाचा जग हातात धरून ती नळी त्यात बुडवायची आणि जग थोडा थोडा खाली घ्यायचा, तेव्हा फेस होतो. त्या मुलीला पहिल्या खेपेला जमलं नाही, दूध फसफसून तिच्या बाहीवर आलं. दुसऱ्या मशीनमध्येही ग्राइंडर आहे, पण तिथे माणसाला कामच नाही. बटण दाबलं की दळण, कॉफी, दुधाचा फेस सगळं आतल्या आत होऊन कप भरून येतो. वरून आतली सफाईही स्वतःच करतं. आणखी एक होतं, त्यात ग्राइंडर नाही, म्हणून ते मी सोडलं.

क्षाराच्या पाण्याने दोन्ही बिघडतात, तेव्हा गाळलेलंच पाणी घालायचं. आवाजाचं मला विचारू नकोस, माझ्या लेखी दोन्ही मुकी. चव विचारशील तर हँडलवाल्याची मला किंचित उजवी वाटली. किंमत मी इथे लिहीत नाही, कारण पत्र छबूही वाचते.

दोघांना आणि गाईलाही आशीर्वाद. तब्येत सांभाळून असा.

तुझी आक्का,
पुष्पावती


पुणतांबा
२७ जून २०२५

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला हँडलवालं बरं वाटतं. एक तर ते उघडून बघता येईल, फवारणीच्या पंपासारखं. ते बटणवालं बंद डबडं बिघडलं तर इथे कोणाला दाखवायचं? दुसरं, तूच म्हणतेस की चव त्याची उजवी.

पण छबूने वेगळीच अडचण काढली. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि दळायचंही नाही, मग कॉफी दळायची कशी? दिवसभर हाच घोळ चालला होता. शेवटी तिनेच तोड काढली, म्हणाली, की बटणवालं मशीन आपलं आपण दळतं, माणसाचा त्याला हातच लागत न्हाई, तवा जो काय दोष आसंल तो मशीनला. म्हणजे तिचं मत बटणाकडे गेलं. मी हँडलकडे. आता तू सांगशील ते.

ज्ञानूच्या खोलीला रंग दिला. तिचा जुना झोपाळा माळ्यावरून काढून कडुनिंबाला बांधलाय. छबू म्हणते की तीस वर्षांची बाई झोपाळ्यावर बसंल व्हय? मी म्हटलं बसेल.

उत्तर लवकर दे. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
आसाराम


सावेडी, नगर
४ जुलै २०२५

चि. आसाराम यास अनेक आशीर्वाद.

बटणवालं घेतलं. रागावू नकोस, आधी ऐक.

पोरगी दिवसभर उभी राहून हँडलं पिळते आणि लोकांना कॉफी देते. चार वर्षांनी माहेरी यायचं आणि इथेही तेच करायचं? आठवतं ना, मी माहेरपणाला आले की आई मला पाण्याचा हंडासुद्धा उचलू द्यायची नाही. चुलीकडे फिरकले तर ओरडायची. तिथे हात चालतातच, इथे तरी त्यांना बसू दे, असं म्हणायची. ते सुख मला अजून विसरता येत नाही. ज्ञानूला तसंच बसवा. तिने खुर्चीवर पाय घेऊन बसावं आणि तू बटण दाबून कप तिच्या हातात द्यावास. बापाने लेकीला कॉफी करून दिली, यातच सगळं आलं. वेगळं काही बोलावं लागणार नाही.

शेजारच्या गोरक्षचा टेम्पो सोमवारी तुमच्याकडे यायचा आहे, त्यात खोकं पाठवते. खोक्यावर काही ठेवू देऊ नकोस. सोबत कॉफीच्या बिया आहेत, त्या छबूने शेंगदाण्यासारख्या भाजू नयेत, त्या भाजलेल्याच असतात.

सणाला मी मनाने तुमच्यातच असेन. सुखात राहा.

तुझी आक्का


पुणतांबा
३१ जुलै २०२५

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

ज्ञानू आली आणि गेलीही. सगळं छान झालं. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय, म्हणून लिहायला बसलो.

सोमवारी संध्याकाळी आली. बारीक झालीय, पण हसणं तेच. माझ्या पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला आणि तिची बॅग उचलून आत नेली. छबूने मशीनला हळदकुंकू लावून ठेवलं होतं, ते बघून ती खूप हसली. मग बरं वाटलं.

सणाच्या दिवशी सकाळी मी धार काढून आत आलो तर ती अंघोळ करून, केस बांधून मशीनपुढे उभी. बॅगेतून तिने चोच असलेला स्टीलचा जग काढला होता, आणि तिच्या दुकानातल्या बियांचं पाकीट. मी म्हटलं, की तू कशाला, बस तू खुर्चीत. तिने विचारलं, की आण्णा, नळी कुठंय? मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की याला नळीच नसते, सगळं आतल्या आत होतं. बटण दाबलं. काय तो फेस, आक्का! कप तिच्या हातात दिला. ती चांगलं आहे म्हणाली आणि कप तसाच धरून बसली. नंतर बघतो तर तो जग तिने धुऊन बॅगेत ठेवला होता. वापरलाच नव्हता, तर धुतला कशाला कोण जाणे.

आम्ही तिला कशाला म्हणून हात लावू दिला नाही. सणाची पुरणाची दिंडं करायला ओट्याशी गेली, छबूने हाताला धरून बाहेर आणलं. दुपारी मी बागेतून घामाघूम होऊन आलो तर ही तांब्या भरून दारात उभी. मी म्हटलं, अगं माहेरपणाला आलीस ना तू, आणि जाऊन माठातलं स्वतः घेतलं. झोपाळ्यावर मात्र बसली. बराच वेळ बसली होती.

रविवारपर्यंत राहणार होती. काल सकाळीच म्हणाली की दुकानातून बोलावणं आलंय. जाताना नगरला तुझ्याकडे उतरणार होती. आली का? काही बोलली का? आमच्याकडून काही कमी पडलं असेल तर कळव. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत.

तुझा,
आसाराम


सावेडी, नगर
४ ऑगस्ट २०२५

चि. आसाराम यास अनेक आशीर्वाद.

ज्ञानू आली होती. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जसं घडलं तसं लिहिते.

ती माझ्या कानाशी तोंड आणून बोलत होती, रडणं आलं की थांबत होती. लग्नाच्या आधी तू घरात तिला काय बोललास ते मला कोणी सांगितलं नव्हतं. छबूनेही नाही. त्या दिवशी तिने सांगितलं. तू म्हणाला होतास, की आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा मी पिणार नाही.

ती तेवढ्यासाठीच आली होती रे. चार वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कप देताना तिच्या मनात तेच होतं. एकदा आण्णांना आपल्या हातची कॉफी द्यायची, त्यांनी ती प्यायली की झालं. म्हणून जग आणला, बिया आणल्या. आणि तू नळीच नाही असं सांगून तिला खुर्चीत बसवलंस. मग तांब्या घेऊन ती दारात उभी राहिली, तर तू माठाकडे गेलास.

मी तिला परोपरीने सांगितलं, की अगं तो विसरलाय, त्याच्या ध्यानीमनीही नाही, तुला काम पडू नये म्हणून झालं ते सगळं. ती म्हणाली, की आत्या, विसरले असतील तर ते जास्तच वाईट.

मग तिने माझ्या ओट्यावर दूध गरम केलं, त्या जगात घेऊन ताकाच्या रवीने घुसळलं आणि मला कॉफी दिली. फार सुरेख झाली होती. मी प्यायले, पण तो कप माझ्यासाठी नव्हता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तुझ्या बोलण्याचा दोष तुझा. पण मशीनचा माझा. तू हँडलवालं मागत होतास, मीच तुला आईची आठवण काढून गप्प केलं. स्वतःच्या माहेरपणाचं सुख मी तिच्या गळ्यात घातलं, तिला काय हवंय हे विचारायचं सुचलंही नाही. इतकी वर्षं मुलं शिकवली, आणि घरच्या मुलीला एक प्रश्न विचारला नाही. दुकानात विचारून बघते, बदलून देतात का.

तू पुण्याला जा. पत्र नको, फोन नको. जा आणि तिच्या हातचं काहीतरी पी.

तुझी आक्का


पुणतांबा
१७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. छबूने पेरूची पिशवी दिली होती, ती मांडीवर घेऊन पहिल्या एसटीने गेलो. तुझं पत्र वाचल्यापासून जेवण जात नव्हतं. ते शब्द मला आठवतच नव्हते, हे देवाशपथ खरं. छबूला विचारलं तर ती म्हणाली, की तुमी बोलून मोकळं झालात, आमी दोघी अजून ऐकतोय.

दुकान मोठं आहे, सगळी तरुण मुलं. रांगेत उभा राहिलो. ज्ञानू मशीनपाशी होती, तिचं लक्ष नव्हतं. हँडल पिळते, जग नळीखाली धरते, मान जराशी कलती ठेवून फेस बघते. तिला काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं. लोकांचे कप भरते म्हणून मला लाज वाटायची. तिथे उभा असताना वाटलं, की माझी पोर इतकी हुशार आहे आणि हे मला दुकानातल्या गिऱ्हाइकासारखं कळावं.

माझा नंबर आला तेव्हा तिने बघितलं. कॉफी केली, फेसावर पान काढलं आणि कप माझ्यापुढे ठेवला. मी उभ्या उभ्याच प्यायलो, तळापर्यंत. कडू होती, पण प्यायलो. मग म्हटलं, की ज्ञानू, मी तुझ्या हातची प्यायला आलोय, तेव्हा जे बोललो ते मला माफ कर.

ती नळी पुसत होती. रागाने नाही, शांतपणे म्हणाली, की आण्णा, इथं सगळेच माझ्या हातची पितात.

माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झालो. तिने पेरू घेतले, बसस्टँडला जाणारी रिक्षा कुठे मिळेल ते सांगितलं आणि आईला औषध वेळेवर घ्यायला सांगा म्हणाली. दिवाळीला येशील का विचारलं, तर सुट्टीचं बघते म्हणाली.

मशीन बदलायचं दुकानात विचारू नकोस. हँडलवालं आणलं तरी ते हँडल धरायला तीच लागणार. आणि तूही स्वतःला लावून घेऊ नकोस, तू मायेपोटीच केलंस.

झोपाळा अजून बांधलेलाच आहे. मशीन व्यवस्थित चालतंय. रोज सकाळी मी बटण दाबतो, दोन कप येतात, एक छबूला, एक मला. कॉफी चांगली असते, आक्का. फेसही भरपूर येतो.

माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.

तुझा,
आसाराम