आत्याबाईच्या वाटेतले घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खोदकामाचे ठेके घेणे, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या मधल्या खोलीत बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणाले की कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; आजवर ज्यांनी आणून पाहिला त्यांना विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

माझे पती नऊ वर्षांपूर्वी वारले. मागे मी, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा दुसऱ्या गावी असतो, मुलगी माझ्याजवळ. लोक मला मालकीणबाई म्हणतात. हे नाव मला कोणी आंदण दिलेले नाही.

कलम पहिले : माझ्या मालकीचे काय काय आहे.

रस्त्याला लागून एका ओळीत तीन खोल्या : स्वयंपाकघर, मधली खोली, बैठकीची खोली. त्यांच्या मागे अंगण. अंगणात पोकलेन, म्हणजे साखळ्यांवर चालणारे खोदकामाचे यंत्र, आमच्या घरात जिचे नाव आत्याबाई. हे नाव मुलीने ठेवले. घरातल्या सगळ्यांनी जिच्या तब्येतीप्रमाणे उठायचे-बसायचे, ती आत्याबाई, असे तिचे म्हणणे. बँकेत थोडे पैसे आहेत. पतीचे हेल्मेट आणि मोजपट्टी खुंटीला आहे.

कलम दुसरे : आत्याबाई घरात कशी आली. हे मृत्युपत्रात लागत नाही असे वकिलांचे मत आहे. वकिलांनी त्यांचे स्वतःचे लिहिताना गाळावे.

आम्ही पाये, टाक्या, तळघरे खोदायचो. यंत्र भाड्याने आणायचो. एकदा एका तळघराचे काम अर्धे झाले असताना यंत्राच्या मालकाला जास्त देणारा भेटला आणि तो सकाळी येऊन यंत्र घेऊन गेला. खड्ड्यात पाणी भरले, एक बाजू ढासळली, काम हातचे गेले. त्या रात्री जेवताना आम्ही ठरवायला बसलो.

पती म्हणाले, "भाड्याचंच बरं. एक मालक वाईट निघाला तर दुसरा बघू. काम संपलं की बला टळली. बिघडलं तर ज्याचं त्यानं रडावं."

मुलगा तेव्हा यंत्रे लीजवर देणाऱ्या कंपनीत नुकताच लागला होता. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायची नोकरी. तो म्हणाला, "आई, लीजवर घे. पाच वर्षं दरमहा ठरलेली रक्कम भरायची, मग ते येऊन घेऊन जातात. पुढे हवं तर नवीन."

मी म्हणाले, "म्हणजे पाच वर्षं पोसायचं, अंगाखांद्यावर खेळवायचं आणि मग सासरी धाडायचं?"

"अगं, यंत्र आहे ते!"

"माहीत आहे. म्हणूनच धाडणार नाही."

माझे लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेले. एकदा आईची भाकरी तव्यावर असताना घरमालकाने आमचे सामान रस्त्यावर ठेवले. आईने तवा फडक्यात धरून बाहेर नेला आणि पायरीवर बसून भाकरी उलटली. तेव्हापासून जी वस्तू परत करावी लागते ती मला घरात नको वाटते. मी विकत घ्यायचे ठरवले आणि घेतले. मुलगी त्या वेळी मोरीत हात धूत होती. तिला कोणी विचारले नाही.

कलम तिसरे : घराबद्दल.

भाड्याचे यंत्र संध्याकाळी आपल्या घरी जाते. विकतच्या यंत्राला झोपायला जागा लागते. म्हणून हा प्लॉट घेतला, आणि यंत्रावर नजर राहावी म्हणून पुढे घर बांधले. पती म्हणत होते की एका कडेला यंत्र जाण्याइतकी वाट सोडू. मी म्हणाले, वाटेवर पैसे कोण घालतो, तेवढ्यात एक खोली निघते. शेजारचा प्लॉट मोकळा पडला होता, आत्याबाई त्यातून ये-जा करायची. घर या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून बांधले. दुसऱ्या बाजूला आणि मागे आधीपासून गोदामाच्या भिंती आहेत.

एका पावसाळ्यात आत्याबाईचे इंजिन खोलले. साखळ्याही उतरवल्या होत्या. आमचा यंत्रदुरुस्तीचा मिस्त्री सुट्या भागांची वाट पाहत बसला, आणि तेवढ्यात शेजारचा प्लॉट एका दंतवैद्याने घेतला. त्याने आमच्या हद्दीला खेटून तीन मजले चढवले. मी भांडायला गेले. तो म्हणाला, "बाई, माझ्या जागेत बांधतोय. तुमची वाट तुमच्या जागेत असायला हवी होती."  परत करायचे काही घरात न घेणारी मी, वाट मात्र उसनी वापरत होते.

सुटे भाग आले, आत्याबाई चालू झाली, पण तेव्हापासून ती आत आहे. क्रेनने उचलून काढावी म्हटले, तर क्रेन उभी करायला गल्ली अरुंद आणि वर विजेच्या तारा. गॅसने कापून तुकडे काढावेत असे मिस्त्री म्हणाला. मी त्याला आठ दिवस चहा दिला नाही. मुलीने मोजून सांगितले, "स्वयंपाकघर आणि मधली खोली पाडली की निघते." एका यंत्रासाठी घर पाडू? घरासाठी यंत्र कापू? इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खोदलेल्या.

आता कामे आली की आम्ही यंत्र भाड्याने आणतो. हसणाऱ्यांनी हसून घ्यावे, आमचे हसून झाले आहे.

कलम चौथे : माझ्या मुलीबद्दल.

भाड्याचे यंत्र कामासाठी आणतात. विकतच्या यंत्रासाठी काम शोधावे लागते. आम्ही नको ती कामे घेतली, दगडाची, चिखलाची, भांडखोर मालकांची, कारण आत्याबाई बिनकामाची उभी राहिली की मी रात्री उठून हिशेब करायचे. ऑपरेटर टिकेनात. मग मुलगी "चार दिवसांपुरती" म्हणून सीटवर बसली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आज चाळिशीला आली. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. जुन्या पाण्याच्या पाइपखालची माती ती बकेटच्या दातांनी काढते आणि पाइपला ओरखडा येत नाही.

बंदरावरच्या मोठ्या क्रेनवर तिला दोनदा नोकरी चालून आली. पहिल्या वेळी वडील आजारी होते. दुसऱ्या वेळी मी म्हणाले, "आत्याबाईचं कसं होणार?"  त्या संध्याकाळी तिने तीन वेळा ग्रीस भरले, एकदा पुरले असते.

इंजिन जाम होऊ नये म्हणून ती दर रविवारी यंत्र चालू करते. पुढे नेते, बकेट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकते. मागे नेते, गोदामाची भिंत येते. पुन्हा पुढे. मी मधल्या खोलीच्या खिडकीतून बघते. केबिनच्या काचेच्या आत ती बसलेली असते, हात दांड्यांवर, तोंड भिंतीकडे. बघवत नाही. तरी दर रविवारी बघते.

कलम पाचवे : वाटणी.

बँकेतले पैसे मुलाला. अट एकच, माझ्या तेराव्यापर्यंत त्याने "मी तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य उच्चारू नये. चौदाव्या दिवसापासून मोकळीक आहे. वडिलांचे हेल्मेट त्यालाच द्यावे. कधी साइटवर गेला नाही, निदान डोक्यावर घालून बघेल.

दंतवैद्याला माझी कवळी परत द्यावी. त्यानेच केलेली आहे आणि वरची बाजू पहिल्यापासून टोचते. ती भाड्याने घेतली होती असे समजावे.

मिस्त्रीला पान्यांची पेटी द्यायची होती. पण वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याचे जे असेल ते जाते. मिस्त्री म्हणाला, "मालकीणबाई, मग पाने आत्ताच द्या आणि सही नंतर घ्या." दिले. माणूस इंजिनापेक्षा लवकर चालू होतो.

कलम सहावे : घर आणि आत्याबाई.

दोन्ही मुलीला. एकत्र. तिने घर पाडू नये आणि यंत्र कापू नये, दोन्हीपैकी काहीही विकू नये, आणि इथेच राहावे. तिच्या हाताला आत्याबाईची सवय आहे. तिला कोणी "सामान उचल" म्हणू नये म्हणून मी हे सगळे केले. तिला जन्मभर कोणाला काही परत करावे लागणार नाही.

कलम सातवे.

हे कलम लिहायचे ठरले नव्हते. आज दुपारी मिस्त्री आला, हात पुसून बसला. दुसरी सही समोरचा टायरवाला करणार होता. त्याच्याकडे ट्रक आला, तो अडकला. आम्ही बसून राहिलो. मुलगी अंगणातून आली, मी लिहिलेले तिने उभ्याउभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाली, "पेन दे. दुसरी सही मी करते."

मी म्हणाले, "तुला चालत नाही. तुला घर आणि आत्याबाई दिली आहे."

"माहीत आहे. वकिलांकडे तुझ्या शेजारी मीच बसले होते."

"अगं, मग तुझं सगळं जाईल!"

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

मी खूप बोलले. कृतघ्न म्हणाले, बापावर गेलीस म्हणाले. मिस्त्री उठून मोरीत तोंड धुवायला गेला. मुलगी पेनासाठी हात पुढे करून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, तेव्हा तुम्ही तिघं ठरवत होतात, भाड्यानं, लीजवर की विकत. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"भाड्यानं घ्या. आणि मलाही भाड्यानंच ठेवा. काम संपलं की परत जाता येतं."

 मी खिडकीतून आत्याबाईकडे पाहिले. तिचे बकेट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेले होते, गेल्या रविवारपासून.

म्हणून मी पुढीलप्रमाणे लिहिते. कलम सहावे रद्द. मुलीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, सुतळीचा तोडासुद्धा नाही. तिला जे द्यायचे ते मी जिवंतपणी देते. येत्या सोमवारी ती आत्याबाई चालू करील, पुढे नेईल आणि भिंत आली म्हणून थांबणार नाही. स्वयंपाकघर आणि मधली खोली जाऊ द्यावी. भांडी आणि पलंग रविवारी बैठकीच्या खोलीत हलवायचे, वीज आणि पाणी तोडून घ्यायचे काम मिस्त्रीकडे. ट्रेलर त्यानेच ठरवला आहे. मला न विचारता, आणि बऱ्याच आधीपासून, असा माझा संशय आहे. आत्याबाई विकून जे येईल ते मुलीचे, हातात. बंदरावर अजून माणसे घेतात, हे तिने विचारून ठेवले आहे. माझ्यासाठी तिने थांबायचे नाही. मला एक खोली पुरते. माझ्या आईला पायरी पुरली होती.

उरलेली खोली आणि जागा माझ्यामागे मुलाची. ती त्याने विकावी, भाड्याने द्यावी की लीजवर, हे त्याचे त्याने बघावे. त्याला मते भरपूर आहेत. जागेतून एक वाट मात्र कायम मोकळी ठेवावी.

हे लिहून मला हलके वाटले असे कोणी समजू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सोमवारी मी खिडकीत नसेन, कारण खिडकी नसेल. रस्त्यावर उभी राहीन. सामान रस्त्यावर आले की मला अजूनही आईचा तवा आठवतो, तेव्हा माझ्याशी त्या दिवशी कोणी बोलू नये. पण भिंत पडल्यावर काचेच्या आत तिचे तोंड कसे दिसते, ते मला समोरून बघायचे आहे.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. एक रडला. तो मिस्त्री.

सही : मालकीणबाई

साक्षीदार पहिला : मिस्त्री (पाने मिळाले)

साक्षीदार दुसरी : मुलगी (समजून उमजून)

दिनांक : महिन्यातला दुसरा शनिवार, दुपार

स्थळ : घराची मधली खोली, सोमवारपर्यंत